उष्टावण होईपर्यंत

आमच्या घरात मला ‘शाळा सोड’ असे कोणीही कधी म्हणाले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घराण्यातली माणसे आजही हेच तोंड भरून सांगतात आणि ते अगदी खरे आहे. मामंजी म्हणाले नाहीत, सासूबाई म्हणाल्या नाहीत, आमचे हे तर म्हणणारच नव्हते. म्हणाले असते तर फार बरे झाले असते. ‘सोड’ म्हटले असते तर मी भांडले असते, अन्नपाणी टाकले असते, कल्याणला माहेरी निघून गेले असते. पण ते सगळे एका सुरात म्हणाले, ‘थोडे दिवस थांब.’ थांब म्हणणाऱ्याशी कसे भांडायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि एवढे आयुष्य काढूनही ते मला नीटसे कळलेले नाही. या वयात बायकांनी जप करावा, राग राग करू नये, असे माझी सून म्हणते. जपही करते. पण माळ ओढता ओढता मध्येच ते दिवस आठवतात आणि मणी बोटात तसाच अडकून राहतो.

माझे वडील कल्याणला भाताचे व्यापारी होते. दुकानात पोत्यांची मोजदाद करायला मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मला अक्षरे शिकवली, आणि एकदा शिकवल्यावर त्यांना माझे कौतुक वाटू लागले. लग्न होऊन मी ठाण्याला आले तेव्हा मला मोडी वाचता येत होती आणि भाकरी थापता येत नव्हती. सासूबाईंना या दोन्ही गोष्टींचे सारखेच दुःख झाले. आमचे हे कलेक्टर कचेरीत कारकून होते. त्यांना सुधारणेची आवड होती. संध्याकाळी ओसरीवर बसून ते मला व्याकरण आणि भूगोल शिकवीत, आतून सासूबाई मुद्दाम भांडी आपटीत, आणि पलीकडे झोपाळ्यावर मामंजी ‘चालू द्या, चालू द्या’ म्हणत पान लावीत. मामंजी जुने शिरस्तेदार, पेन्शन घेऊन बसलेले. त्यांनी मला कधी अडवले नाही. गावात सुधारकांचे घर म्हणून आमचे नाव होत होते आणि तसे नाव व्हायला मामंजींना एक पैसा खर्च येत नव्हता.

तळ्याजवळ एका भाड्याच्या घरात मुलींची शाळा होती. तिथले पंतोजी म्हातारे झाले होते. लोक लहान मुलींना पाठवीत, पण मुलगी जरा मोठी दिसू लागली की काढून घेत. पुरुषापुढे कशाला बसवायची म्हणत. म्हणून बाई हवी होती. मी सरकारी परीक्षा दिली, पास झाले आणि मदतनीस म्हणून रुजू झाले. पहिल्या दिवशी मी शाळेत शिरले तेव्हा मुली उभ्या राहिल्या. माझ्यासाठी तोवर कोणी उभे राहिले नव्हते. घरात मी सगळ्यांसाठी उभी राहत असे. तो क्षण मला इतका गोड लागला की त्याची लाज वाटून मी त्यांना पटकन खाली बसवले.

हे सगळे चालत होते ते माझ्या जाऊबाईंमुळे. थोरल्या भावजींची ही बायको. तिला अक्षर ओळखता येत नव्हते, पण माझी शाळा तिच्याच जिवावर चालली. आमच्या घरी सोवळे कडक. आंघोळ करून, कोणी न शिवलेले धुतवस्त्र नेसून चुलीपुढे बसायचे. मग स्वयंपाक होऊन पुरुषांची पाने उठेपर्यंत कशालाही शिवायचे नाही. अंथरूण नाही, बाहेरचे माणूस नाही, लहान मुलाचे झबलेसुद्धा नाही. मूल रडले तर त्याला आधी कोणी तरी उघडे करायचे आणि मग जवळ घ्यायचे. कापडाला विटाळ, मुलाला नाही. आणि मी तर शाळेत सतरा जातींच्या पोरींना शिवून येणारी. म्हणून सकाळचा स्वयंपाक मी करीत असे, कचेरीतली माणसे जेवून गेली की मी शाळेत जात असे, आणि संध्याकाळचे सारे जाऊबाई बघत. वालाच्या डाळिंब्या सोलत सोलत ती मला विचारी, “आज काय शिकवलंस गं पोरींना?” मी सांगे, “पृथ्वी गोल आहे.” ती म्हणे, “असेल बाई. आम्हांला परसापर्यंतच जायचंय, तिथवर सपाटच आहे.” आणि खळखळून हसे.

ती बाळंतपणात गेली. मूल वाचले. त्या दिवसांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. सुइणीने आतून दुपट्यात गुंडाळलेले मूल आणले आणि खोलीत उभ्या असलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिले. मामंजी होते, भावजी होते, हे होते, सासूबाई भिंतीला डोके टेकून बसल्या होत्या. सुइणीने कोणाला काही विचारले नाही. सरळ माझ्याकडे आली आणि माझे हात पुढे झाले. हात पुढे झाल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण बाकीच्यांचे हात तिथेच होते, धडधाकट होते आणि त्यांतला एकही जागचा हलला नाही, हे मी पाहिले आहे.

सुतक फिटले तसे भावजी पागोटे घालून कचेरीत गेले. बाळाचा बाप तो. त्यांना कोणी म्हणाले नाही की, भावजी, थोडे दिवस थांबा. उलट सासूबाई म्हणाल्या, “बिचारा! कामात मन रमलं तर रमू दे.” माझे मन कशात रमते हे विचारायचे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही. त्याच रात्रीच्या जेवणानंतर मामंजींनी मला दाराआड बोलावून सांगितले, “गोदावरी, पंतोजींना निरोप धाडलाय. बाळाचं उष्टावण होईपर्यंत तू घरीच थांब. नंतर खुशाल जा. आमची काही आडकाठी नाही.” उष्टावण म्हणजे बाळाला पहिला घास भरवायचा समारंभ, पाच-सहा महिन्यांवर होता. मला ते न्याय्यच वाटले. मी मान डोलावली.

ते महिने मी बाळाबरोबर काढले. शेळीचे दूध बोंडल्यातून थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडायचे. घाई केली की ठसका लागे, उशीर केला की आकांत. तेल लावायचे, शेक द्यायचा, दुपटी धुवायची. त्यात सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक आता एकटीवर, कारण सासूबाईंचे गुडघे धरलेले. वारा तळ्याकडून आला की दुपारी शाळेतले पाढे ऐकू येत. पंतोजी फार हळू म्हणून घेत आणि मुली मागे रेंगाळत. मी दुपटे पिळता पिळता पुढचा आकडा आधीच म्हणून टाकी. बाळ माझ्याकडे बघून हसायला लागले. मी त्याच्यावर जीव लावला, हे मी कबूल करते, कारण घरातले लोक हीच गोष्ट माझ्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरीत आले आहेत. ‘बघा, किती रमली आहे!’ अरे, मुलावर माया असली म्हणजे शाळा नको झाली का? भावजींचीही त्याच्यावर माया होतीच की. मी त्याला आंघोळ घालून, टीट लावून ओसरीवर आणले की ते मांडीवर घेत आणि ओले केले की परत आत पाठवीत.

उष्टावण थाटात झाले. चांदीच्या वाटीत खीर, सोन्याच्या अंगठीने बाळाच्या मामांनी चाटवली. मग रिवाजाप्रमाणे बाळापुढे वस्तू मांडल्या. मूल ज्याला हात घालील तो त्याचा पुढचा धंदा. मोहोर, पोथी, कापडाचा तुकडा, कट्यार. लेखणी हवी म्हणून सासूबाईंनी माझी शाळेतली लेखणी आणि दौत मागून नेली. बाळाने लेखणी धरली आणि तोंडात घातली. ओसरीभर आनंद झाला. “मुनसफ होणार!” एक म्हणाला. “काकूवर गेलाय,” दुसरा म्हणाला. आमच्या ह्यांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिले. बायकांनी पुरुषांपुढे तोंड उघडायचे नसते, पण सगळ्यांची मर्जी खुश दिसली म्हणून मी दारातून म्हटले, “मामंजी, उष्टावण झालं. सोमवारपासून मी शाळेत जाऊ ना?”

मग मामंजी म्हणाले, “अगं, आता तर तो रांगायला लागेल. आता खरं लक्ष लागतं. दात येऊ देत.” कोणी पाहुणे म्हणाले, “दातांनंतर जावळ आहेच.” आणि मामंजींना विनोद सुचला. “त्यापेक्षा एकदा मुंज होऊ दे, मग मोकळीच आहेस तू!” सगळी ओसरी हसली. हेही हसले. वाईट मनाने नाही. बाकीचे हसत होते म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी आत येऊन पुरणाचा कट ढवळत राहिले आणि इतका ढवळला की तो उतू जाऊन चूल विझली. त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळी.

त्यानंतर काही दिवसांनी पंतोजी स्वतः आमच्या दारात आले. त्यांची पेन्शन ठरली होती. डिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी, परीक्षेला येणार होते आणि त्यांनी विचारले होते की, त्या बाई कुठे आहेत. पंतोजी म्हणाले, “साहेबांच्या मनात आहे, शाळा बाईंच्याच हवाली करावी. फक्त त्या दिवशी बाईंनी येऊन त्यांच्यासमोर एक वर्ग घ्यायला हवा. नाही आल्या, तर ते भिवंडीच्या मास्तरांना नेमतील. मग मोठ्या पोरी शाळेतून उठतील, हे मी लिहून देतो.”

हे ऐकून आमच्या ह्यांनी मात्र त्या वेळी चांगली खटपट केली. मामंजींना म्हणाले, “एका दिवसाचा तर प्रश्न आहे.” मामंजींनी ‘एक दिवस’ कबूल केला. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे की. मी कुठे नको म्हणतेय? मी सांभाळीन बाळाला.” इतक्या गोडीने म्हणाल्या की मी त्यांच्या पाया पडले.

त्या दिवशी मी पहाटे उठून स्वयंपाक उरकला, पुरुषांची पाने वाढली, बाळाला न्हाऊमाखू घालून निजवले, दूध निववून बोंडले भरून ठेवले, दुपट्यांची चळत सासूबाईंच्या हाताशी रचली. त्याचे अंग दोनदा चाचपून पाहिले. थंडगार होते. मग लुगडे बदलून निघाले. तळ्यावर धोब्यांचे आपटणे चालले होते, देवळातली घंटा वाजत होती आणि मला सारखे वाटत होते की, मागून कोणी तरी हाक मारणार. कोणी मारली नाही.

मुली मला पाहून उभ्या राहिल्या आणि मग रीत विसरून अंगावर धावल्या. डिपोटीसाहेब खुर्चीवर बसले होते, उपरणे सावरीत. करड्या मिशांचे, शांत गृहस्थ. म्हणाले, “चालू द्या, बाई.” मी ठाणे जिल्ह्याचा नकाशा भिंतीला टांगला आणि खाडी शिकवायला घेतली. समुद्राचे पाणी आत कुठवर येते, गोडे पाणी कुठून उतरते, मिठागरे कुठे आणि का. मुली बोलत होत्या. ज्या घरी तोंडातून ब्र काढीत नसत त्या हात वर करून एकमेकींच्या आधी बोलत होत्या. एक मुलगी खाडीवरून बोट फिरवीत कल्याणपर्यंत आली होती आणि साहेब पुढे झुकून तिचे बोट बघत होते. मी मनात म्हटले, मिळाली. शाळा मिळाली मला.

तेवढ्यात दारात बारकी उभी. आमच्याकडे भांडी घासायला येणारी, खाडीकडच्या आगरी पाड्यातली बाई. धापा टाकीत ओरडली, “वैनी, बेगीन चला घरा! बालाला ताप आयलाय, डोलं फिरवतंय!”

मी नकाशाकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले. माझ्या डोळ्यांपुढे जाऊबाई आल्या. साहेब म्हणाले, “जा, बाई, जा. मूल आधी.” मी जी निघाले ती पदर सावरायचेही भान नव्हते. पायरी उतरताना मागे साहेबांचा आवाज ऐकला, ते पंतोजींना म्हणत होते, “हे असंच होतं. आज ताप, उद्या गोवर, परवा देवी. त्यांचा दोष नाही. पण अशी शाळा कशी चालायची?” तिरस्काराने म्हणाले असते तर एक वेळ चालले असते. कणवेने म्हणाले.

भर दुपारी, भर बाजारातून, शिरस्तेदारांची सून धावत गेली हे पुढे कित्येक दिवस लोक बोलत होते. घरात शिरले तर सासूबाई माजघरात पाय पसरून बसलेल्या, मांडीवर झबले, टोपडे आणि वर दुपटे असा बंदोबस्त केलेला बाळ. हातात बत्तासा. मला पाहून खिदळला. मी गालाला हात लावला, पोटाला लावला, तळव्यांना लावला. थंड. सकाळी होता तसाच.

“कुठे आहे ताप?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. “आला होता. उतरला.”

“डोळे फिरवले म्हणे?”

“फिरवले की. आता बरा आहे. मुलांचं काय, चढतो नि उतरतो.”

मी मागल्या दारी गेले. बारकी राखेने तपेली घाशीत होती. तिला विचारले, “तू बाळाला पाहिलंस?” तिने मान वर केली नाही. “माना म्हातारीनी सांगलं तवरं मी सांगलं, वैनी. माना काय ठावं?”

मी परत शाळेकडे निघाले तर दारात हे भेटले. मधल्या सुटीत घरी ताप कसा आहे ते बघायला आले होते. म्हणजे कचेरीतही निरोप गेला होता. त्यांनी सांगितले की, साहेबांची गाडी आत्ताच गेली, ते पुढे कल्याणला गेले. “बाळ बरं आहे ना? मग झालं तर,” असे म्हणून ते परत गेले. झालं तर! माझे काय झाले ते त्यांना विचारावेसेही वाटले नाही.

दुपारभर मी डाळिंब्या सोलत बसले. सासूबाई मात्र बाळाला मांडीवरून खाली ठेवीनात. झबले काढू देईनात. “ताप येऊन गेलेलं पोर, उघडं कसं टाकायचं?” खोटे एकदा बोलले की ते असे सांभाळत बसावे लागते. दिवेलागणीला मी आंघोळ केली, सोवळे नेसले आणि चुलीपुढे बसले. भात केला, वरण केले, डाळिंब्यांची उसळ, चिंचगुळाची आमटी. पाने मांडली. तिघे पुरुष सोवळ्याचे रेशमी मुकटे नेसून पाटांवर बसले. मामंजींचे जेवताना मौन असे. जेवणाआधी आपोष्णीचे पाणी घेतले की शेवटपर्यंत बोलायचे नाही, बोलले तर पानावरून उठायचे, असा त्यांचा जन्माचा नियम. मी भात वाढला, वरण वाढले, तूप वाढले. तिघे जेवू लागले. सासूबाई उंबऱ्याशी बाळाला घेऊन बसल्या होत्या.

पहिला भात संपला, दुसरा वाढून झाला आणि आमटीची वेळ झाली. मी आमटीचे पातेले घेऊन आले, आणि ते वाढायच्या ऐवजी भिंतीशी खाली ठेवले. मग उंबऱ्याकडे गेले, वाकले आणि बाळाच्या झबल्यापासून बोटभर अंतरावर हात धरला.

“अगं अगं! शिवशील!” भावजी ओरडले.

“शिवेन,” मी म्हटले. “बोट लावलं की मी ओवळी. मग मला वाढता येणार नाही. सासूबाई दुपारपासून त्याचं झबलं मांडीवर घेऊन बसल्यात, त्यांना पातेल्याला हात लावता येणार नाही. तुमचे हात उष्टे. पानावरून उठलात तर जेवण संपलं. आमटी, उसळ, मागचा भात, सगळं समोर राहील आणि या घरात ते वाढायला एकही माणूस उरणार नाही. मला फक्त एवढंच खरं सांगा, मग मी वाढते. बाळाला आज ताप होता का?”

आमचे हे म्हणाले, “अगं, असं काय करतेस? सावकाश बोलू नंतर.”

“नंतर नाही. नंतर खूप झालं.”

मामंजींनी “हूं!” केले. मग पातेल्याकडे बोट दाखवून पुन्हा “हूं! हूं!” केले. मौनात असल्यामुळे त्यांना रागावताही येईना. भावजी म्हणाले, “आई, काय असेल ते सांगून टाक ना. आमटी निवतेय.” स्वतःच्या मुलाला ताप होता की नव्हता, हे त्यांना आमटीसाठी जाणून घ्यायचे होते.

“होता म्हटलं ना एकदा,” सासूबाई म्हणाल्या.

“कोणी हात लावून पाहिला? मामंजी, तुम्ही? भावजी, तुम्ही तरी? वैद्याला का नाही बोलावलं? मला बोलवायला माणूस धावलं, वैद्याचं घर तर वाटेतच आहे.” माझा हात तसाच होता. मी तो मागे घेतला नाही. बाळाला वाटले मी खेळते आहे. ते माझे बोट धरायला झेपावले आणि सासूबाईंनी त्याला दचकून मागे ओढले. तेव्हा मात्र मामंजींचा संयम सुटला.

“सांग एकदाचं खरं काय ते, आणि मोकळी हो!” ते गरजले. जन्माचे मौन आमटीसाठी मोडले.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. “नव्हता,” त्या म्हणाल्या. “नव्हता ताप. झालं? मी काय हौसेनं केलं? ती शाळेची मोठी बाई झाली असती, मग हे पोर कोणाच्या गळ्यात? माझे गुडघे गेले. मला उठवत नाही, बसवत नाही. मी म्हातारीनं काय करायचं होतं?”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या वेळी मला फक्त संताप आला. पुढे त्यांच्या वयाची झाले तेव्हा त्या गुडघ्यांचे दुखणे मला कळले. पण तेवढ्याने राग गेला नाही, त्याने घर बदलले इतकेच. त्या दिवशी घरात तिघे पुरुष होते. एकाला पेन्शन होती आणि दिवसभर झोपाळा होता. एक त्या मुलाचा जन्मदाता होता. एक सुधारक होता. आणि ते पोर कोणाच्या गळ्यात, हा प्रश्न एका गुडघे गेलेल्या म्हातारीला आणि एका विशीच्या आतल्या पोरीला पडला. तिने चोरी केली, मी लुटले गेले आणि ते तिघे पुढच्या भाताची वाट बघत होते. एखादा आचारी ठेवता आला असता, एखादी दाई ठेवता आली असती. पुढे बाळाच्या मुंजीच्या वेळी आचारी ठेवलाच की, तो तंबाखू मळता मळता पोळ्या लाटीत होता आणि सगळी पंगत तृप्त होऊन उठली.

मामंजी म्हणाले, “ऐकलंस? झालं समाधान? वाढ आता.” आणि बोलले तर पानावरून उठायचे, हा नियम विसरून त्यांनी आमटीसाठी भाताला आळे केले.

मी हात मागे घेतला. खरे बोलले तर वाढीन असे मी कबूल केले होते, म्हणून मी वाढले. आमटी कोमट झाली होती. भावजींनी दुसऱ्यांदा मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हे कचेरीत निघाले तेव्हा मी त्यांना देवघरापाशी गाठले. म्हटले, “साहेब आज कल्याणलाच असतील. आगगाडी आहे. जाऊन त्यांना एवढंच सांगा की, ताप नव्हता. बाई घाबरट नाही, बेभरवशाची नाही, तिला खोटा निरोप गेला. एवढं ऐकलं तर ते मला पुन्हा बोलावतील.”

त्यांनी खूप वेळ पागोटे नीट केले. मग म्हणाले, “तुझं खरं आहे. पण आईनं खोटं सांगितलं, असं मी परक्या माणसापुढे कोणत्या तोंडानं सांगू? घरातली गोष्ट घरात राहू दे.” आणि गेले.

भिवंडीचे मास्तर आले. दिवाळीच्या आत मोठ्या मुली एकेक करून उठल्या; नकाशावर बोट फिरवणारीचे लग्न होऊन ती वाडा गावी गेली. पुढे शाळेला दुसरी बाई मिळाली तोवर माझी स्वतःची मुले झाली होती. गोष्ट मात्र ह्यांनी घरात राहू दिली. मामंजी गेले, सासूबाई गेल्या, भावजी गेले, परवाच्या वर्षी हेही गेले आणि त्यांच्यामागे आता ती ऐकून दुखावेल असे कोणी उरले नाही. डिपोटीसाहेबही केव्हाच गेले असतील. तरी त्यांना जे कोणी जाऊन सांगितले नाही ते मी आज सांगते. बाळाला ताप नव्हता.